अर्धं कडं

१

सकाळी खाणीत शिरलं की पहिलं काम ठरलेलं असतं. वर बघायचं आणि ठोकायचं.

लांब पहार दोन्ही हातांनी उचलायची, तिचं टोक छताला हलकंच मारायचं आणि कान द्यायचा. दगड घट्ट असेल तर 'खण्ण' असा आवाज येतो आणि थोडा वेळ हवेत राहतो. दगड सुटलेला असेल तर 'भद्द'. तडा गेलेल्या माठावर टिचकी मारल्यासारखा. तिथे चुन्याचं गोल कडं काढायचं आणि खालून बाजूला व्हायचं. मग लांबून पहार घालून तो तुकडा पाडायचा, नाहीतर लोखंडी बोल्ट मारून त्याला वरच्या दगडाशी जखडून टाकायचं.

खाण म्हटलं की लोकांना कोळसाच आठवतो. आमच्याकडे कोळसा नाही. खोपोलीहून आत, खडपेवाडीच्या डोंगराच्या पोटात काळ्या दगडाचा एक घट्ट थर आहे. घाटातल्या पुलांना आणि भिंतींना दगड हवा होता तेव्हा वरचा दगड भुसभुशीत निघाला, म्हणून आमच्या माणसांनी डोंगरात आडवं शिरून दालनं कोरली. छत पडू नये म्हणून मध्ये मध्ये खांब राखले. पहारीने आणि घणाने. तुम्ही घाट चढता तेव्हा गाडीच्या चाकाखाली आमच्या वाडीचा दगड असतो, आणि तुम्हाला ते कोणी सांगत नाही. मला याचा राग येतो. म्हणून तर मी इथे आहे.

माझे पणजोबा, नामा, या खाणीत ठोक्या होते. टोळीच्या आधी एकटा आत जाऊन छत ठोकून बघायचा तो ठोक्या. त्याने 'बसा' म्हटल्याशिवाय कोणी घण उचलायचा नाही. मी, ऋतिका, स्थापत्य अभियंता. काम तेच.

गेल्या वर्षी एका ट्रेकरच्या खांद्यावर छताचा तुकडा पडला आणि सरकारी उत्तर तयार झालं: सगळी खाण काँक्रीटने भरून टाका. आम्ही भांडलो. दोन्ही दालनं सुरक्षित करतो, दाराला जाळी बसवतो, लोकांना आत आणून दाखवतो की इथे कोणी काय केलं. खात्याचे साहेब म्हणाले, पावसाआधी मी स्वतः येऊन बघेन. पटलं तर ठेवू. नाही पटलं तर भरू.

म्हणून आम्ही तिघं रोज ठोकत होतो. मी, सहदेव आणि ओजस. सहदेव आमच्याच वाडीचा. शेती आणि खोपोलीच्या कारखान्यातली पाळी दोन्ही सांभाळून येणारा. ओजस कर्जतचा, भूगर्भशास्त्राचा, आणि सतत काहीतरी बडबडणारा.

२

दुसऱ्या दालनाच्या तोंडाशी जुना डबर पडलेला होता, छातीएवढा. तो उपसून माणूस सरपटत जाईल एवढी फट केली, तेव्हा आधी मी शिरले. अर्थात मीच शिरणार होते.

आतली हवा थंड आणि कोरडी होती. दालन पहिल्याच्या दुप्पट, आणि मधोमध एकच खांब. तो बघून माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाने. चारी बाजूंनी टाकीचे घाव एका चालीत उतरत आलेले, जणू एकाच माणसाने एकाच दमात तासलेले. खांबाच्या अंगावर टोळ्यांच्या खुणा होत्या: नांगर, कोयता, बैलाचं शिंग. लिहिता न येणाऱ्यांनी केलेल्या सह्या.

जमिनीवर पिठासारखी धूळ. एकही पाऊल नाही. वटवाघळाची लेंडीसुद्धा नाही.

मी बॅटरी वर केली. छतावर, फटीपासून थोडं आत, चुन्याचं कडं होतं.

जुनं असणार. पहिला विचार हाच. मी फटीतल्या डबरावर उभी राहून हात लांब केला आणि कड्याला बोट लावलं.

बोट पांढरं झालं. ओलं.

"काय गं, बोलेनाशी झालीस?" बाहेरून ओजस ओरडला.

"चुन्याची बादली कुठाय?"

"इथंच. सहदेवदादा तिच्यावर डबा ठेवून जेवतोय."

कड्याच्या आतला दगड मी ठोकला. भद्द.

३

माझा पहिला संशय ओजसवर, कारण त्याला असल्या गमती सुचतात. त्याने आईची शपथ घेतली. आईची खोटी शपथ तो घेत नाही. दुसरा संशय ओलाव्यावर: डोंगरातून पाणी झिरपलं, जुना चुना भिजला. हे मला पटलं. पटायलाच हवं होतं.

खाणीच्या तोंडाशी भागूबाईचा चहा असतो. तिचे सासरे याच खाणीत घण मारायचे, आणि ते तिने आम्हाला कमीत कमी शंभरदा सांगितलंय.

"भागूआजी, जुन्या कड्याचा चुना ओला राहतो का गं?"

"माझ्या सासऱ्याचा हात ओला राह्यचा, दारूनं. चुन्याचं मला काय इचारतंस?" ती हसली. मग तिने माझं बोट बघितलं. "कड्याला हात लावलास?"

"पहारसुद्धा मारली."

"दुसऱ्याच्या कड्यात?" तिने गाळणी पातेल्यावर आपटली. "शिकली म्हनं. अगं, एकानं काढलेल्या कड्यात दुसऱ्यानं ठोकायचं नाय. त्याचा इस्वास नाय असं व्हतं ते. आमच्या खानीत मारामाऱ्या झाल्यात त्याच्यावरनं."

"आजी, तपासल्याशिवाय मी सही कशी करू?"

"मंग तपास. त्याला राग आला तर माझं नाव सांगू नको."

"कोणाला?"

"ज्यानं कडं काढलं त्याला. मी का बघायला गेल्ते?" आणि तिने सहदेवला चहा दिला. "घे रं. आन् तू पन वरच बघत जाऊ नको, मान वाकडी व्हईल. बायको नांदायची नाय."

४

पुढच्या दिवसांत कडी वाढली. आम्ही जिथवर पोचायचो त्याच्या पुढे, अंधारात, नेमकी आठ-दहा पावलांवर. प्रत्येक कड्यात मी ठोकलं. भागूबाईची माफी मनात मागून ठोकलं. प्रत्येक वेळी भद्द. कड्याबाहेर प्रत्येक वेळी खण्ण. एकही चूक नाही.

मी रात्री जाळीच्या दाराला नवं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. फटीच्या तोंडाशी धूळ झाडून सपाट केली. सकाळी कुलूप जागच्या जागी आणि धूळही तशीच सपाट. पुढे नवं कडं.

खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा अभिमान जास्त वाटायला लागला. हे वाचायला विचित्र आहे. पण कोणीतरी आमच्या पुढे चालत होतं आणि काम इतकं चोख करत होतं की माझ्या ओळखीतल्या कुठल्याही सुपरवायझरला लाज वाटावी. मी ओजसला म्हणाले, "हा आपला माणूस आहे."

"पणजोबा?"

"पणजोबा घरीच वारले. खाटेवर, सगळ्यांच्या देखत, पेज पिऊन. तसलं काही बोलू नकोस."

"मग कोण?"

"मला काय माहीत! काम बरोबर आहे ना?"

ओजसने बडबड थांबवली होती. ते मला जास्त खटकलं.

आवाज सुरू झाला तो त्याच आठवड्यात. ठक्. मग खूप वेळ काही नाही. मग ठक्. पहारीचाच आवाज, सावकाश, माणूस एकेक पाऊल सरकत ऐकत ऐकत जातोय असा. पलीकडच्या डोंगरावर खडी फोडणारा क्रशर आहे. तो बंद असताना मी ऐकलं. पाण्याचा थेंब असेल म्हणून थेंब शोधला, दालन कोरडं. आवाज आला की आम्ही तिघं माना वर करून छताकडे बघायचो. बॅटरीचे तीन गोल छतावर फिरायचे. काही दिसायचं नाही.

"तिसऱ्या दालनातून येत असंल," सहदेव म्हणायचा.

तिसरं दालन नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

५

साहेब येण्याच्या दोन दिवस आधी तोंडाशी उरलेला डबर हटला आणि छताचं काम संपलं. शेवटचा बोल्ट बसला आणि मी अख्खं दालन पुन्हा एकदा ठोकून काढलं. सगळीकडे खण्ण. असा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी येतं हे कोणाला सांगायची सोय नाही. मी तिथेच ठरवलं की पाहुण्यांच्या खुर्च्या या खांबाभोवती मांडायच्या. पोरंटोरं, म्हातारी माणसं, सगळी वाडी इथे बसेल आणि वर बघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडं छतावर नव्हतं. ते खांबावर होतं.

अगदी खाली, पायाशी, जिथे खांब जमिनीला मिळतो तिथे. पूर्ण कडं नव्हतंच ते. वरची कमान तेवढी. दोन्ही टोकं जमिनीपर्यंत आलेली, आणि तिथे ती थांबलेली नव्हती. रेषा खांबाच्या आणि जमिनीच्या सांध्यात शिरत होती, जाडी कमी न होता, जणू उरलेलं अर्धं दगडाखाली पुढे काढलेलं आहे.

मी गुडघे टेकून ठोकलं. खण्ण. पुन्हा ठोकलं. खण्ण. सहदेवने ठोकलं, ओजसने दगडाची ताकद मोजणारं त्याचं स्प्रिंगवालं यंत्र आणून टेकवलं आणि आकडे वाचले. खांब उत्तम होता. या खाणीतला सगळ्यात चांगला दगड.

"पहिली चूक," ओजस म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "चुकला तुझा माणूस. पुसून टाकू?"

सहदेवने ओलं पोतं आणलंच होतं. उद्या साहेब हे कडं बघणार आणि विचारणार. मुख्य खांबावर धोक्याची खूण, मग दालन बंद, मग काँक्रीट. एक हात फिरवला की संपलं असतं. ज्या दगडात काही दोष नाही त्याच्यावरची खूण पुसणं ही लबाडीही नव्हती.

मी पोतं घेतलं. कड्यावर टेकवलं. मग बाजूला ठेवलं.

"का?" ओजसने विचारलं.

"तो आजवर एकदाही चुकला नाही."

"आणि दगड? दगड खोटं बोलतोय?"

मी चिडले. "उद्या बघू," म्हणाले आणि खुर्च्या मांडायला लावल्या.

६

साहेब वेळेच्या आधी आले. खाणीबाहेर मांडव, ताशा, भागूबाईचा चहा फुकट. वाडीतली म्हातारी माणसं नवे फेटे बांधून आली होती. ज्यांचे बाप इथे राबले त्यांचे सत्कार व्हायचे होते. शाळेची पोरं पिवळी हेल्मेटं घालून रांगेत उभी होती आणि एकमेकांच्या डोक्यावर टकटक करून हसत होती.

शेवटची नजर टाकायला मी एकटी आत गेले.

दुसऱ्या दालनात दिवे लागले होते. खांबाभोवती खुर्च्यांच्या रांगा. बाहेरचा ताशा इथवर पोचेपर्यंत अगदी बारीक झालेला.

ठक्.

मी मान वर केली. सवयच ती. छत स्वच्छ, बोल्टांची डोकी चमकत होती.

ठक्.

जवळ होता. आजवर इतका जवळ कधीच नव्हता. मी वर बघत फिरले, खांबाला वळसा घातला, आणि खुर्चीला पाय अडखळला म्हणून खाली बघितलं. केवळ म्हणून.

ठक्.

खांबाच्या पायाशी जमिनीवरची धूळ उडाली. थोडीशी. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी नाचली आणि बसली.

मी बघत राहिले. ठक्. धूळ पुन्हा उडाली, आता एक हात पुढे, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली. ठक्. आणखी पुढे. कोणीतरी खुर्च्यांखालून चालत होतं, रांग न सोडता, एकेक जागा तपासत.

माझ्या हातात पहार होती. या खाणीत ज्यांनी पहार धरली त्यांनी ती वर धरली. पणजोबांनी वर धरली, मी वर धरली. ज्या माणसांना मरण छतातून येतं ती पायाखालचं बघत नाहीत. मी पहार उलटी केली आणि दोन्ही पायांच्या मध्ये जमिनीवर मारली.

भद्द.

दोन पावलं सरकून मारली. भद्द. खांबाच्या चारी बाजूंनी मारली. त्या उत्तम, निर्दोष खांबाखाली काही नव्हतं. एक पातळ लादी, आणि तिच्यावर मी शंभर खुर्च्या मांडल्या होत्या.

खालून एक ठोका आला. माझ्या टाचेच्या बरोबर खाली. मग शांतता. कोणी आपलं म्हणणं समोरच्याला कळल्यावर गप्प बसतं तशी.

मी धावले नाही. धावायची हिंमत त्या लादीवर नव्हती. भिंतीला पाठ घासत बाहेर आले.

जाळीच्या दारात साहेब, त्यांच्यामागे पोरं. मी दार लावलं आणि दारासमोर उभी राहिले.

"आत कोणी जायचं नाही."

ताशा थांबला. साहेबांना वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे, ते हसले. मी पुन्हा सांगितलं.

"मॅडम, तुमचाच अहवाल आहे. सगळं ठीक म्हणून."

"छताचा आहे. जमिनीचा नाही. खाली आणखी एक दालन आहे, सर. ते कुठल्याच नकाशात नाही."

"कशावरून?"

"ठोकून बघितलं."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मंग इतके दिस काय करत व्हतीस गं?" लोक हसले. फेटेवाले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. सहदेवची मान खाली गेली.

"म्हणजे खाण असुरक्षित आहे," साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगताय. मग मी भरायचाच आदेश देतो."

"खालचं भरा. वाळू-सिमेंट ओतून खालचं दालन भरून घ्या, वरचं आपोआप पक्कं होईल. आणि एक लक्षात घ्या सर," माझा आवाज चढला होता, "दुसरं कोणी असतं तर आज तुम्ही आत बसला असतात. आमच्या खाणीत 'बसा' म्हटल्याशिवाय कोणी बसत नाही. आज आम्ही 'बसा' म्हणालो नाही. हीच आमची खाण. हेच तुम्हाला दाखवायचं होतं."

साहेब पोरांच्या रांगेकडे वळले. मग त्यांनी एका पोराचं तिरकं हेल्मेट सरळ केलं. "पाऊस यायच्या आत भरून होणार असेल तर बोला."

भागूबाईने मागून मोठ्याने नाक शिंकरलं. "पोरीनं सायबाला उभा केला रं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्या वाडीची हाय."

७

भिंतीलगत फळ्या टाकून, दोर बांधून आम्ही लादीला भोक पाडलं. मनगट जाईल एवढं. ओजसने त्यातून केबलचा कॅमेरा सोडला, गटारं तपासायला वापरतात तो. पडद्यावर आधी करडा दगड सरकत गेला, मग काळोख.

दालन होतं. वरच्याएवढंच. त्याला आत यायची वाट कुठेच दिसत नव्हती. ओजसने कॅमेरा गोल फिरवला, दोनदा फिरवला. चारी बाजूंनी सलग भिंत. मग त्याने तो वर वळवला. आमच्या पायाखालच्या लादीची खालची बाजू, म्हणजे त्या दालनाचं छत.

तिथे उरलेलं अर्धं कडं होतं. पांढरं, ओलं, दिव्यात चमकणारं.

सहदेवने हात जोडले. कॅमेरा परत वर घेताना पडद्याच्या कडेला काहीतरी चमकून गेलं. पहारीचं टोक असावं. गंजलेलं नव्हतं. वापरून वापरून पांढरं पडलेलं होतं. आणि पहार कुठे टेकलेली नव्हती. ती उभी होती, कोणी हातात धरल्यावर राहते तशी.

"केबल हलली," ओजस म्हणाला. "प्रतिबिंब असेल."

"असेल," मी म्हणाले.

बाहेर पंप सुरू व्हायच्या बेतात होता. टाकीत वाळू-सिमेंटचा राडा घुसळत होता. तो थांबवून ठेवता येत नाही, घट्ट होतो. पाइप भोकात बसवला. ढग आले होते. आज भरलं नाही तर साहेबांची मुदत संपणार आणि मग वरचं-खालचं सगळंच जाणार.

"ऋतिका, सुरू करू?"

ठक्. पाइपाशेजारी धूळ उडाली.

"ऋतिका, आत कोणी नाहीये." ओजस म्हणाला. "वाट कुठेय? कोणी असूच शकत नाही. सांग, सुरू करू?"

माझी सगळी डिग्री त्याच्या बाजूने होती. मी पाइप बाजूला काढला, फळीवर पालथी पडले आणि भोकाला तोंड लावलं. खालून थंड हवा आली, चुन्याच्या वासाची.

"ठोक्या," मी हाक मारली. "काम झालं. तुमच्यामुळे झालं. आता खाली थांबायचं नाही. वर या."

काही नाही. टाकी घुसळत होती. सहदेव माझ्या पाठीवरचा दोर घट्ट धरून उभा होता.

खूप वेळाने ठोका आला. या वेळी धूळ हलली नाही. आवाज वरून आला, थेट माझ्या डोक्यावरच्या छतातून, आणि तो मोकळा, खणखणीत होता. मग एक पाऊल पुढे, पुन्हा तसाच. मग पुढे. कोणी नव्या कामावर रुजू होऊन पहिल्यापासून सगळं छत तपासायला घ्यावं तसा, दाराच्या दिशेने, जिथून एक दिवस लोक आत येणार होते.

आम्हा तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

मी पाइप पुन्हा भोकात बसवला आणि ओजसला हात केला.

"सुरू कर."